कोअरसाठी दोन चेसिस की चार फिक्स्ड स्विच?

डेटा सेंटरच्या नेटवर्कमध्ये लीफ स्विच (सर्व्हर ज्यांना जोडलेले असतात ते) चाळीसच्या आसपास असतील, तर त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या कोअरसाठी हा प्रश्न खरा आहे. याहून लहान पसाऱ्याला चेसिस, म्हणजे कार्डं बसवून वाढवता येणारा मोठा स्विच, लागतच नाही. मी आधी आठ स्लॉटच्या दोन चेसिस चालवल्या. आता १०० जीचे (सेकंदाला १०० गिगाबिट) ६४ पोर्ट असलेले, रॅकमध्ये दोन-दोन यू उंचीचे चार फिक्स्ड स्विच, म्हणजे ठरलेल्या पोर्टांचे खोके, आहेत.

चेसिसच्या पोटातही लाइन कार्डं (पोर्ट असलेली) आणि त्यांना आपसात जोडणारी फॅब्रिक मॉड्यूल मिळून क्लोस रचनाच (लहान स्विच थराथरांत जोडून केलेला मोठा स्विच) असते, चार्ल्स क्लोस यांनी १९५३ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेली. फिक्स्ड स्विच घेतले की तीच रचना पेटीतून बाहेर केबल ट्रेमध्ये येते. मग तिचा एकेक भाग वेगळा बंद करता येतो. माझा निर्णय इथेच झाला.

आमच्या प्रत्येक लीफखाली २५ जीचे ४८ पोर्ट आणि वर १०० जीच्या चार लिंक. म्हणजे ओव्हरसबस्क्रिप्शन (खालची क्षमता वरच्या क्षमतेच्या किती पट) ३:१. एक चेसिस अपग्रेडला घेतली की दोन लिंक जायच्या आणि ते ६:१ व्हायचं. सुपरवायझर (चेसिस चालवणारी कार्डं) दोन होते, पण लाइन कार्डाचं फर्मवेअर बदलायचं तर कार्ड बंद करावंच लागे. कामासाठी रात्री दोनची विंडो मिळायची आणि नेमके तेव्हाच बॅकअप धावत असायचे. बॅकअपवाले म्हणायचे पहाटे करा, अ‍ॅप्लिकेशनवाले म्हणायचे पहाटे नको. सुरक्षेचे पॅच महिनोन्‌महिने पुढे ढकलले जायचे, आणि त्या काळजीने मला खरोखर झोप लागत नसे.

आता एक स्पाइन (चार कोअर स्विचपैकी एक) काढला तर तीन लिंक उरतात, प्रमाण ४:१. बीजीपीवर (स्विच एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) ग्रेसफुल शटडाउन लावतो, म्हणजे ट्रॅफिक आधीच दुसऱ्या मार्गांवर वळते, ट्रॅफिकचे काउंटर खाली येईपर्यंत थांबतो आणि रीबूट करतो. शेवटचे दोन अपग्रेड भर दुपारी केले. कुणाचा फोन आला नाही.

तरी चेसिसला कमी लेखू नका. डीप बफरच्या लाइन कार्डांत पॅकेट साठवायला काही जीबी जागा असते, फिक्स्ड स्विचच्या चिपमध्ये काही दहा एमबी. बरेच स्टोरेज नोड एकदम एकाच सर्व्हरला उत्तर देत असतील, तर हा फरक ड्रॉपच्या (टाकून दिलेल्या पॅकेटच्या) काउंटरवर दिसू शकतो. आमच्याकडे फारसा दिसला नाही, तुमचा लोड वेगळा असेल. शिवाय ६४ लीफनंतर आमच्या रचनेत पोर्ट संपतात. चेसिसमध्ये तिथे नवं कार्ड बसवून भागतं, आम्हाला मात्र केबलिंगच नव्याने आखावं लागेल. दोनशे लीफपर्यंत जायचं नक्की असेल, तर चेसिसकडे जरूर पाहा.

चार ठिकाणी हाताने कॉन्फिग करायची सवय असेल, तर आधी ऑटोमेशन बसवा. एका स्पाइनवर राहिलेला चुकीचा एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) शोधायला आमचा अख्खा दिवस गेला होता.

फिक्स्ड घेणार असाल तर पाच मागवा. पाचवा तेच व्हर्जन टाकून शेल्फवर तयार ठेवा. चेसिसचे स्पेअर म्हणजे सुपरवायझर, फॅब्रिक मॉड्यूल, लाइन कार्ड, पंखे, पॉवर सप्लाय अशी यादी होते. इथे एक खोका पुरतो.