नीटचं जीवशास्त्र: एनसीईआरटी वाचावं की पेपर सोडवावेत?

बारावीला पीसीएमबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र) घेतलेली, सध्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली भाची एका प्रश्नावर अडली आहे: नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं पुन्हा पुन्हा वाचू, की थेट जुने पेपर सोडवू?

पैशाचा प्रश्न नाही, दोन्ही नेटवर फुकट मिळतं.

गुणांचं बघू. २०२५ च्या पेपरात १८० मिनिटांत १८० प्रश्न होते; त्यांतले ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. इंजिनिअरिंगवाल्यांना सूत्रावरून उत्तर काढायची सवय असते. संप्रेरकांची कामं अशी काढता येत नाहीत, ती वाचलेलीच लागतात. पण नुसतं वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो. पुस्तक मिटून प्रश्न सोडवला की खरं कळतं, शिवाय ते जास्त दिवस लक्षात राहतं. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, त्यामुळे कुठे थांबायचं हेही पेपरच शिकवतो.

मेहनत पेपरला जास्त. सबमिशनच्या आठवड्यात तीन तास सलग मिळत नाहीत. चार पानं बसमध्येही होतात.

बारावीनंतर जीवशास्त्र पूर्ण सुटलं असेल, तर आधी वाचन, आणि प्रत्येक प्रकरणामागे लगेच प्रश्न. ज्यांचं वाचन एकदा नीट झालंय, त्यांनी पेपरच धरावेत. भौतिकशास्त्राला तर पहिल्या दिवसापासून पेपर.