आमच्या पीएचसीतली (प्राथमिक आरोग्य केंद्रातली) औषधं, यादीशी ताडून बघितली

आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला दर महिन्याला गावच्या पीएचसीत जातोच, यावेळी भिंतीवरचा औषधांचा बोर्ड आणि आतला साठा ताडून बघितला. अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची), मेटफॉर्मिन (शुगरची), ओआरएस, झिंक सगळं होतं आणि तेही फुकट, फार्मासिस्ट ताईंनी स्वतःहून एक्सपायरी पण दाखवली, खरंच कौतुक वाटलं. पण सर्पदंशाचं इंजेक्शन बोर्डवर आहे आणि फ्रीजमध्ये फक्त दोन वायल (छोट्या बाटल्या), अहो भातलावणीचे दिवस आहेत, एका पेशंटलाच सुरुवातीला ८-१० लागतात! अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत २०२२ पासून ३८४ औषधं आहेत, सगळी इथे नकोत, मोठ्या हॉस्पिटलांची पण त्यात येतात, पण हे तरी हवंच ना. मागणी पाठवलीय म्हणाले डॉक्टर. सध्या तीन स्टार, वायल आल्या की वाढवतो.