आयई-३ मोटार, आठ महिने वापरून: बिल का उतरत नव्हतं ते सापडलं

मार्चमध्ये ब्लोअरची १५ एचपी मोटार तिसऱ्यांदा जळाली. लातूरला आमची छोटी डाळ मिल आहे. हा ब्लोअर फोलपट ओढून सायक्लोनमध्ये (हवेतून फोलपट वेगळं करणारं नरसाळं) टाकतो, दिवसाला दहा तास चालतो. पुन्हा नऊ हजार रिवाइंडिंगला घालायचे नाहीत म्हणून चाळीस हजार मोजून आयई-३ आणली. जुनी आयई-१ होती. आयई म्हणजे मोटारीच्या कार्यक्षमतेचा वर्ग, आकडा मोठा तितकी वीज कमी वाया. ११ किलोवॅटला, म्हणजे १५ एचपीला, कार्यक्षमता ८७.६ वरून ९१.४ टक्क्यांवर जाते, म्हणजे शंभर युनिटांमागे चार वाचायला हवेत.

एकही वाचलं नाही. ब्लोअरला वेगळा सबमीटर आहे, आकडे रोज डायरीत लिहितो. आधी दिवसाला ९३ युनिट, नंतरही ९३. मोटार गार चालते, आवाज कमी, पण मी पैसे त्यासाठी दिले नव्हते. विक्रेत्याचा माणूस दोन फोननंतर आला, क्लॅम्प मीटर लावला, "अँपिअर मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्यापेक्षा कमी आहेत, मोटार ओके" म्हणून निघून गेला. नुसत्या अँपिअरवर युनिट कळत नाहीत, पॉवर फॅक्टरही (त्या करंटातला किती भाग खरं काम करतो ते) लागतो, हे मी त्याला सांगायचं का? तेव्हा माझं मत एकच होतं: फसवलं.

जूनमध्ये आमचे फिटर काका म्हणाले, "मालक, हवा जास्त मारतीय." फोलपटाच्या पोत्यात हात घातला तर मुठीत चार-पाच डाळी निघाल्या. पूर्वी एखादी निघायची. जळालेली मोटार गोदामातच होती. तिची पाटी फडक्याने पुसली: १४४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या. नवीवर १४६५.

सगळा घोळ या २५ फेऱ्यांचा. चांगल्या मोटारीत स्लिप (आतल्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा मोटार जेवढी मागे पडते ते) कमी, म्हणून ती जास्त वेगाने फिरते. आणि पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते: वेग पावणेदोन टक्के वाढला की वीज पाच टक्के जास्त. आमची मोटार पूर्ण भारावर नसते, त्यामुळे वाढ जरा कमी झाली असेल, पण मोटारीने वाचवलेलं पंख्याने खाल्लं. मोटार विकताना "कशाला लावताय, जुनीचा आरपीएम किती?" एवढं विचारायला काय जात होतं? तीन महिने गेले माझे.

मग लक्षात आलं की ब्लोअरची झडप पहिल्यापासून अर्धी बंदच असते. म्हणजे हवा अडवावी लागत होती, वेग मुळातच जास्त होता. मोटारीची २०० मिमीची पुली काढून १८० ची टाकली, मोटार रेलवर मागे सरकवून बेल्ट ताणले, झडप पूर्ण उघडली. खर्च १,८०० रुपये. ड्राइव्ह (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण आम्हाला वेग एकच लागतो, कशाला तो खर्च?

आता रोज ७० युनिट. २३ युनिट, २५ दिवस, आमचा दर सगळे आकार धरून ९ रुपये: महिना ५,१७५. यात मोटारीचा वाटा जेमतेम नऊशेचा, बाकी पुलीचं काम. तरी मोटारीबद्दलचा फसवणुकीचा शब्द मी मागे घेतो. विक्रेत्याबद्दलचा नाही.

एलेव्हेटरची मोटारही दोनदा रिवाइंड झाली आहे. ती बदलताना पैसे देण्याआधी पाटीचा फोटो मागवणार आहे.