‘पंधरा हजारांचा जामीन’ म्हणजे पंधरा हजार भरायचे नसतात

आधी माझी चूक सांगून टाकतो. हायवेवर एका पट्ट्यात रस्त्याचं काम चालू होतं, ४०ची पाटी लावलेली होती, आणि मी ९६ने चाललो होतो. दोन कामगार हातातली फावडी टाकून दुभाजकावर चढले तेव्हा कुठे मी ब्रेक मारला. एकाची चप्पल रस्त्यातच राहिली, ती मला आरशात दिसली. थोडं पुढे पोलिसांची गाडी उभी होती आणि त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यामुळे मला पकडलं यात माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर जे झालं त्याची, आणि त्यातही निम्मी स्वतःबद्दलच.

मला वाटलं, चलन फाडतील आणि सोडतील. नुसत्या वेगाला मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ लागतं. कारसारख्या हलक्या वाहनाला एक ते दोन हजार दंड, आणि तो जागेवर भरून विषय संपवता येतो. पण लोकांच्या जिवाला धोका होईल अशी गाडी हाकली तर कलम १८४ येतं, आणि कलम २०२ प्रमाणे १८४चा गुन्हा गणवेशातल्या पोलिसासमोर घडला तर तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो. जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणं. १ जुलै २०२४ आधी हेच २७९ होतं, आणि पोलीस ठाण्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे अजून २७९च म्हणतात. ही सगळी कलमं मला आज पाठ आहेत. त्या रात्री एकही माहीत नव्हतं, आणि फसवणारा माणूस नेमका त्यावरच जगतो.

ठाण्यात नेलं, नळी फुंकायला लावली, प्यायलेलो नव्हतो. लायसन्स जमा करून घेतलं. कुणाला कळवायचं विचारलं, मी आतेभावाचा नंबर दिला. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. रात्री अकराला तो आला. ठाणे अंमलदारांनी त्याला सांगितलं, “जामीनपात्र आहे. पंधरा हजारांच्या जामिनावर सोडतो. तुम्ही जामीनदार राहता का?” दादाने आधार कार्ड दिलं, कागदांवर सह्या केल्या आणि झेरॉक्स काढायला बाहेर पडला.

गेटबाहेर एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत रेक्झिनची बॅग. “वेगाच्या केसमधले ना साहेब? २७९, साधी केस आहे. आमच्या वकीलसाहेबांकडे रोज चार असतात.” कलम बरोबर, वेळ बरोबर, आवाजात घाई नाही. दादाने विचारलं, पंधरा हजार कुठे भरायचे? म्हणजे त्या माणसाला काही रचावंसुद्धा लागलं नाही, आकडा आपणच त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, “कॅश द्या, मी आत भरतो. पावती उद्या वकीलसाहेबांकडून. तुम्ही स्वतः द्यायला गेलात तर लाच दिल्यासारखं दिसतं.”

एटीएममधून पैसे काढून दादाने दिले. वीस मिनिटांनी मी बाहेर आलो आणि आम्ही दोघांनी त्या माणसाचे आभार मानले.

मी सुटलो होतो तो दादाच्या सहीवर. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. पंधरा हजारांचा जामीन याचा अर्थ, मी तारखेला हजर राहिलो नाही तर माझ्याकडून आणि जामीनदाराकडून तेवढ्या रकमेपर्यंत वसुली होऊ शकते, असं दोघांनी लिहून देणं. त्या रात्री कुणी काहीच भरायचं नसतं. कधी कोर्ट रोख जामीन घेतं, पण तो कोर्टात जमा होतो, त्याची रीतसर पावती मिळते, आणि अटी पाळल्या तर केस संपल्यावर पैसे परत मिळतात. गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या बॅगेत जामीन भरत नाहीत. आत जाऊन “साहेब, पैसे भरायचे आहेत का?” एवढं दादाने विचारलं असतं तर हे सगळं तिथेच संपलं असतं. पण रात्री साडेअकराला ठाण्यात एक जास्तीचा प्रश्न विचारायची हिंमत आपल्यात नसते, आणि ते गेटवरच्याला पक्कं ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी तो मला कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात भेटला. वकीलसाहेब ‘आत बोर्डावर’ होते, म्हणून त्यांची भेट झाली नाही. ती कधीच झाली नाही. वकालतनामा पुढे केला. त्यावर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलेलं होतं आणि ते ओलं होतं, माझ्या अंगठ्याला डिंक लागला. त्या ताज्या डिंकाने मला उगाचच धीर दिला, काम सुरू झालंय असं वाटलं. वकिलाच्या नावाची जागा कोरी होती. मी सही केली. आणखी दोन कोऱ्या कागदांवर केली. फी म्हणून बारा हजार यूपीआयने पाठवले. खातं कुणा बाईच्या नावाचं होतं. “मिसेसचं आहे,” तो म्हणाला.

मग गोड थाप आली ती लोकअदालतीची. “येत्या लोकअदालतीत घालतो, आठ हजारांत मिटेल. तुम्ही यायचीसुद्धा गरज नाही.” हे खरं वाटायला जागा होती, कारण ई-चलनं लोकअदालतीत निघाल्याचं आपण ऐकलेलं असतं. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे ज्या गुन्ह्यात कायद्याने तडजोड करता येत नाही तो लोकअदालतीच्या कक्षेतच येत नाही. २८१ तडजोडपात्र नाही. १८४मध्ये तडजोड शुल्क भरून सुटता येतं ते फक्त गाडी चालवताना हातात मोबाइल असल्याच्या प्रकारात. म्हणजे माझी केस मिटवणं पोलिसांच्या, त्याच्या किंवा त्याच्या त्या अदृश्य साहेबांच्या हातात नव्हतंच. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहण्याला पर्यायच नव्हता.

आठ हजार दिले. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर दंडाच्या पावतीचा फोटो आला. गोल शिक्का, वर आडवीतिडवी सही. ‘केस निकाली’. मी तो दादाला पुढे पाठवला, त्याने हात जोडल्याची खूण पाठवली. पावतीवर तारीख रविवारची होती. हे मला कळलं पाच महिन्यांनी, नव्या वकिलांच्या टेबलावर. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नुसतं बोट दाखवलं.

मधल्या काळात शहाणं व्हायची संधी मला एकदा नाही, दोनदा मिळाली होती. एकदा ठाण्यातून हवालदारांचा फोन आला, चार्जशीट गेलंय, समन्स आहे, येऊन घेऊन जा. मी तोऱ्यात सांगितलं, केस संपली, पावती आहे माझ्याकडे. ते म्हणाले, “असं? बघा बुवा.” मी त्या माणसाला विचारलं. उत्तर आलं, “जुनं समन्स आहे, इग्नोर करा.” माझ्यावर गुन्हा नोंदवणाऱ्या खात्याचा माणूस एक सांगत होता आणि झेरॉक्सच्या दुकानात भेटलेला माणूस दुसरं, आणि मी दुसऱ्यावर विश्वास ठेवला. पहिल्यावर ठेवला असता तर मी मूर्ख ठरलो होतो, हे तेव्हाच मान्य करावं लागलं असतं.

दुसरी संधी आरटीओच्या नोटिशीची. वेग आणि धोकादायक ड्रायव्हिंगच्या प्रकरणात पोलीस जमा केलेलं लायसन्स परवाना अधिकाऱ्याकडे पाठवतात. ते निलंबित करण्याआधी आपल्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. अशा प्रकरणांत किमान तीन महिने निलंबन करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलेलं आहे. माझ्या लायसन्सवर जुना पत्ता, नोटीस तिकडे गेली. जुन्या घरमालकांनी फोन करून सांगितलं, मी त्या माणसाला कळवलं, तो म्हणाला, “आरटीओत बोललोय मी.” लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं आणि त्यातले काही आठवडे मी गाडी चालवत होतो. पकडला गेलो असतो तर कलम १८२, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. त्या दिवसांत अपघात झाला असता तर विमा कंपनी काय म्हणाली असती, याचा विचार मी अजूनही करत नाही.

शेवटी नोटीस आली ती मला नव्हे, दादाला. आरोपी हजर नाही, वॉरंट काढलंय, जामीनदार म्हणून तुमच्याकडून पंधरा हजार का वसूल करू नयेत याचा खुलासा करा. कोर्टाचा माणूस ती घेऊन त्याच्या घरी गेला तेव्हा दादाचे सासरे हॉलमध्ये बसलेले होते. दादाने मला फोनवर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “तू म्हणाला होतास ना रे, संपलं म्हणून?” त्याने पंधरा हजार आधीच घालवलेले होते, आता तेवढेच पुन्हा मागितले जात होते.

मग मी खरे वकील गाठले. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ई-कोर्ट्सच्या ॲपवर एफआयआर नंबर टाकला. माझी केस समोर आली, सोळा अक्षर-आकड्यांच्या सीएनआर क्रमांकासकट, म्हणजे केसच्या ओळख क्रमांकासकट. मागच्या सगळ्या तारखा, प्रत्येक तारखेला ‘आरोपी गैरहजर’, आणि शेवटी अजामीनपात्र वॉरंट. गुन्हा जामीनपात्र होता, पण न गेल्यामुळे वॉरंट अजामीनपात्र निघालं. हे सगळं माझ्या खिशातल्या फोनवर, फुकट, कधीचं दिसत होतं. एफआयआरची प्रत माझ्याकडे होती. वकिलांनी आणखी एक सांगितलं, ते तर माझ्या कानांवर कधीच आलं नव्हतं. कोठडीत असलेल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. त्या रात्री दादाने गेटवरच्याऐवजी तो नंबर फिरवला असता तर!

वॉरंट यायची वाट न बघता आम्ही स्वतः हजर झालो, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, सोबत ती रविवारची पावती जोडली. न्यायाधीश बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “तुम्ही शिकलेले आहात ना?” मी मान हलवली. वॉरंट रद्द झालं, नवा जातमुचलका, म्हणजे हजर राहण्याची स्वतःची हमी, लिहून दिला, दादाचा खुलासा मान्य झाला. गुन्हा मी कबूल केला, वकिलांनी परिणाम नीट समजावल्यानंतरच, कारण कबुली म्हणजे शिक्षा झाल्याची नोंद आणि ती पुढे नोकरीच्या फॉर्मवर लिहावी लागू शकते. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड, २८१खाली एक हजार, १८४खाली दोन हजार. २८१खाली कमाल दंडच मुळी एक हजार आहे. मी पस्तीस हजार उधळून बसलो होतो.

कोर्ट उठेपर्यंत म्हणजे मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहायचं. तिथून मी खरी पावती बघत होतो. छापील क्रमांक, केस नंबर, नाव, कलम, रक्कम अक्षरी. माझ्या फोनमधल्या पावतीवर यातलं फक्त नाव होतं, तेही आडनाव चुकवून.

त्या माणसाविरुद्ध फसवणुकीची आणि बनावट कागदपत्राची तक्रार दिली आहे. त्याने सांगितलेल्या नावाची सनद बार कौन्सिलकडे नाही. दादाच्या पंधरा हजारांचा एकही पुरावा नाही, कारण ते रोख. यूपीआयचे बारा हजार आणि पुढचे आठ हजार बँकेच्या उताऱ्यावर दिसतात, तेवढ्याचाच आधार आहे. कोऱ्या कागदांवरच्या माझ्या दोन सह्या अजून त्याच्याकडेच आहेत. त्याबद्दल तक्रारीत वेगळं लिहून घ्यायला वकिलांनी लावलं, उद्या त्यावर काही उगवलं तर नोंद असावी म्हणून. चौकशी चालू आहे एवढंच कळतं.

दादाचे पंधरा हजार मी तीन हप्त्यांत परत केले. लायसन्सही परत मिळालं. तो हल्ली माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसतो तेव्हा गप्पा नेहमीसारख्याच मारतो, फक्त नजर रस्त्यावर नसते, काट्यावर असते.