लॅपटॉप, प्लगिन आणि पट्टी: गिग परफॉर्मरवर अकरा महिने वाजवल्यानंतर

कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं असताना आमच्या गायिका ताई माझ्या स्टँडजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आज घसा बसलाय गं, काळी तीन नको, पांढरी चार घेऊ." अशा वेळी माझ्या पोटात पूर्वी गोळा यायचा. या वेळी मी लॅपटॉपवर तीन गाण्यांचा ट्रान्सपोज (बोटं तीच ठेवून सूर अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकवायची सोय) अधिक पाचवरून अधिक चार केला आणि फाइल सेव्ह केली. अर्ध्या मिनिटाचं काम. गेल्या दिवाळी पहाटेपासून यंदाच्या गणेशोत्सवापर्यंत गिग परफॉर्मर हे सॉफ्टवेअर वापरलं, त्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

मी सुगम संगीताच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवते. भावगीतं, अभंग, नाट्यपदं, मध्ये जुनी हिंदी गाणी. गेल्या अकरा महिन्यांत या व्यवस्थेवर ३४ कार्यक्रम झाले. त्याआधी बारा वर्षं तयार आवाजांचा साधा कीबोर्ड वापरला. आता विंडोज लॅपटॉप आहे, १६ जीबी रॅम आणि एसएसडीचा. त्यावर डेस्क्यू टेक्नॉलॉजीजचं गिग परफॉर्मर, लॅपटॉपचा आवाज बाहेर नेणारा दोन चॅनलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, खाली ८८ पट्ट्यांचा मिडी कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, कोणती पट्टी दाबली एवढंच लॅपटॉपला कळवणारा कीबोर्ड), वर माझा जुना ६१ पट्ट्यांचा सिंथ आणि बाजूला फेडरसाठी, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांसाठी, कॉर्गचा नॅनोकंट्रोल २. ॲपलचं मेनस्टेज याच कामाचं आहे, पण ते फक्त मॅकवर चालतं, त्यामुळे माझ्यासाठी तो प्रश्न निकालात निघाला होता.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिग परफॉर्मर स्वतः आवाज देत नाही. तो प्लगिन चालवतो, म्हणजे पियानो, स्ट्रिंग्ज, संवादिनी हे सगळं आपण वेगळं घ्यायचं आणि त्यात तारा जोडल्यासारखं जोडायचं. एका गाण्याची अख्खी मांडणी एका रॅकस्पेसमध्ये बसते. त्याच गाण्यात मुखड्याला वेगळं आणि अंतऱ्याला वेगळं हवं असेल तर व्हेरिएशन करायची. मग सेटलिस्ट लावायची आणि पायाच्या स्विचने पुढे सरकायचं. मी यूएसबी वायरचा स्विच घेतला, ब्लूटूथचा मुद्दाम टाळला.

आता पट्टीचा, म्हणजे गाण्याच्या आधारसुराचा, विषय सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या वादकांना हाच खरा उपयोगाचा आहे. माझी बोटं संवादिनीवर काळी एकमध्ये तयार झाली आहेत. गायक बदलला की ट्रान्सपोज करायचा, ही सवय आपल्यापैकी बहुतेकांना असते. हार्डवेअर कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण साऱ्या पट्ट्यांना एकदम लागू व्हायचं. मी तळाच्या सप्तकात शंख, घंटा आणि घुंगरू यांचे आवाज ठेवते. ट्रान्सपोज केला की शंखाच्या पट्टीवर घुंगरू यायचे. आता प्रत्येक कंट्रोलरसाठी रॅकस्पेसमध्ये दोन वेगळे मिडी इन ब्लॉक (कंट्रोलरचे संदेश जिथून आत येतात ते चौकोन) ठेवले आहेत. एकात फक्त तळाचं सप्तक, ट्रान्सपोज शून्य. दुसऱ्यात उरलेल्या पट्ट्या आणि गाण्याची पट्टी. ताई आणि आमचे अभंग गाणारे काका आलटून पालटून गातात, त्यांच्या पट्टीत साडेतीन-चार सुरांचा फरक आहे, आणि तो आता माझ्या डोक्यात ठेवावा लागत नाही. स्विच दाबला की पट्टी आलेली असते. गाणं सुरू होण्याआधीच्या त्या दोन सेकंदांत मी पूर्वी स्क्रीनवरचा आकडा तपासायचे, आता तबल्याकडे बघते.

संवादिनीबद्दल माझं समाधान व्हायला मात्र चार महिने लागले. चांगल्या नमुन्यांची संवादिनी मिळते, पण कीबोर्डवर जोरात दाबलं की जोरात आणि हळू दाबलं की हळू, हे संवादिनीचं वागणं नव्हे. तिचा जोर भात्यात असतो. म्हणून मिडी इन ब्लॉकमध्ये व्हेलॉसिटीचा, म्हणजे दाबण्याच्या जोराचा, वक्र सपाट केला. कसंही दाबा, एकच जोर. मग एक्स्प्रेशन पेडल मिडीच्या कंट्रोल क्रमांक ११ ला (आवाजाचा चढ-उतार) जोडला आणि भात्याचं काम पायाकडे दिलं. पहिल्यांदा पेडल मागे घेतला की आवाज पार नाहीसा व्हायचा, जे खऱ्या पेटीत श्वास संपल्याशिवाय होत नाही. मिडीतली मूल्यं ० ते १२७ असतात. पेडलची खालची मर्यादा मी ५० ला बांधली, म्हणजे पाय पूर्ण मागे आला तरी पेटी बोलत राहते. त्यानंतर एका अभंगात तबलावादक दादांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पेटी कुठून येतेय हे ते शोधत होते. माझ्यासाठी ही या वर्षातली सर्वांत मोठी पावती.

उरलेले आवाज पटकन सांगते. पियानोसाठी पियानोटेक. तो ध्वनिमुद्रित नमुने न वापरता तार, हातोडा, फळी यांचं गणित जागेवरच मांडतो, त्यामुळे रॅम जवळजवळ लागत नाही. ८० च्या दशकातल्या हिंदी गाण्यांच्या काचेसारख्या इलेक्ट्रिक पियानोसाठी डेक्स्ड, हा यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स ७ वर बेतलेला मोफत प्लगिन आहे. स्ट्रिंग्जसाठी स्पिटफायरचे मोफत लॅब्स. बासरी आणि शहनाई मी प्लगिनवर वाजवत नाही. मींड पिच बेंडने येते, बेंडचे टप्पे १६,३८४ असतात त्यामुळे ती तुटकही वाटत नाही, पण त्यात फुंकर नसते. बासरीवादक मिळत नसेल तर ते गाणं यादीतून काढलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उशीर हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो: पट्टी दाबल्यावर आवाज किती वेळाने येतो? मी ४८,००० हर्ट्झवर १२८ चा बफर ठेवते, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांतले १२८ एका वेळी तयार होतात. एका बफरचे २.७ मिलिसेकंद होतात, इंटरफेस आणि ड्रायव्हर धरून माझ्याकडे एकूण साधारण ८. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ८ मिलिसेकंद म्हणजे पावणेतीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरचा उशीर. हे लक्षात आल्यावर बफर ६४ वर आणण्याचा हट्ट सोडला आणि साउंडवाल्या दादांना मॉनिटर माझ्या पायाशी आणायला सांगितलं. फरक लगेच जाणवला. द्रुत लयीतल्या तानांना हात आता अडखळत नाही. बफर ६४ वर ठेवून मध्येच 'टक टक' ऐकण्यापेक्षा हे किती तरी चांगलं.

ती टकटक पहिल्या दोन महिन्यांत मला फार छळून गेली. प्रोसेसर २० टक्क्यांच्याही खाली असायचा आणि तरी मध्येच आवाज फाटायचा. लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन चालवल्यावर कळलं की वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय. वायफाय आणि ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, विंडोज अपडेट थांबवलेलं. त्यानंतर टकटक गेली. हा लॅपटॉप आता फक्त वाजवण्यासाठी आहे, घरचं काम त्यावर करत नाही.

गाणं बदलताना मागचा आवाज तुटत नाही, हे गिग परफॉर्मरचं मला सर्वांत आवडलेलं वैशिष्ट्य. मागच्या गाण्याच्या स्ट्रिंग्जचा सूर दाबून धरलेला असताना पायाने पुढचं गाणं निवडलं तरी तो सूर हात उचलेपर्यंत टिकतो आणि नवीन पट्ट्यांवर नवा आवाज येतो. निवेदक बोलायला लागला की त्यामागे हलका सूर धरून ठेवायची आपली पद्धत आहे, तिथे हे फार कामी येतं. आणि जो रॅकस्पेस वापरात नाही तो प्रोसेसरवर भार टाकत नाही. रॅम मात्र सगळे मिळून खातात. त्यासाठी प्रेडिक्टिव्ह लोडिंग आहे, ते फक्त चालू आणि आजूबाजूचे रॅकस्पेस चढवतं. यादी जशीच्या तशी वाजणार असेल तर उत्तम. आपल्याकडे फर्माईश येते, सातव्या गाण्यावरून एकविसाव्यावर उडी मारावी लागते आणि तिथे चढवण्यात वेळ जातो. मी ते बंद ठेवते आणि जड प्लगिन कमी वापरते.

फेडरबद्दल एक गोष्ट. नॅनोकंट्रोलवर ८ फेडर आणि ८ नॉब आहेत, इतक्या छोट्या वस्तूला हे पुष्कळ झालं. पण फेडर स्वतः हलत नाहीत. नवीन गाण्यात स्ट्रिंग्ज ४० वर साठवलेली आणि फेडर वर ११० वर असेल तर बोट लागताच आवाज उसळी घेतो. पाडव्याच्या कार्यक्रमात एका संथ गाण्यात हे घडलं आणि पहिल्या रांगेतली माणसं दचकली. त्यानंतर प्रत्येक विजेटला (पडद्यावरच्या फेडर-नॉबला) सॉफ्ट टेकओव्हर लावला. फेडर साठवलेल्या मूल्यावरून जाईपर्यंत काहीही बदलत नाही. हे सुरुवातीलाच करा.

सुराच्या बाबतीत आणखी एक. मंचावर खरी संवादिनी असेल तर ती ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही, बहुतेक वेळा थोडी चढीच असते. ज्या प्लगिनमध्ये ट्यूनिंगचा पॅरामीटर बाहेर दिलेला आहे तो मी एका नॉबला जोडला आहे आणि साउंडचेकच्या वेळी पेटीचा एक सूर धरायला सांगून कानाने मिळवते. एका प्लगिनमध्ये ही सोय नव्हती, तो मी काढून टाकला.

आता ज्याने खरा घाम फोडला ते. गणेशोत्सवात एका मैदानावर कार्यक्रम होता. फाइल उघडली तर एका विकत घेतलेल्या प्लगिनने इंटरनेटवरून परवाना तपासायचा असल्याचं सांगितलं आणि तो गप्प झाला. गर्दीमुळे मोबाइलला डेटा मिळत नव्हता. पंचवीसपैकी नऊ गाण्यांत तो प्लगिन होता. पैसे पूर्ण भरलेले असताना ऐन कार्यक्रमात वाद्य असं हातातून काढून घेतलं जावं याचा मला आजही संताप येतो. वाद्य विकणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं की वाजवणारा माणूस नेहमी घरी बसलेला नसतो. त्या दिवशी जुन्या सिंथने वाचवलं. तो मी एरवी लोकल ऑफ करून, म्हणजे पट्ट्यांचा त्याच्या स्वतःच्या आवाजाशी संबंध तोडून, फक्त कंट्रोलर म्हणून वापरते, पण त्याची ऑडिओ वायर मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला कायम लावलेली असते. लोकल ऑन केलं की तो स्वतःच्या आवाजात बोलायला लागतो. नऊ गाणी त्यावर काढली. आता आदल्या रात्री लॅपटॉप विमान मोडवर टाकून यादीतलं प्रत्येक गाणं उघडते आणि एकेक सूर वाजवून बघते. तो प्लगिन आता यादीत नाही.

वीज हा वेगळाच विषय आहे. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात बोर्डाला अर्थिंग असेल याचा भरवसा नसतो आणि लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घुमायला लागतं. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यातला विजेचा थेट जोड तोडणारी डबी) मध्ये घेतल्यावर ते थांबलं. बॅटरी दोन तास जाते, तरी चार्जर लावूनच वाजवते, कारण बॅटरीवर प्रोसेसर मंदावतो. उन्हाचंही तसंच. चैत्रात एका सकाळी नऊनंतर मंचावर थेट ऊन आलं, लॅपटॉप तापला आणि आवाज फाटायला लागला. आता सोबत छोटी घडीची छत्री आणि खाली हवा खेळावी म्हणून दोन लाकडी ठोकळे असतात.

कुणी घ्यावं? जो वादक महिन्यातून एखाददुसरा कार्यक्रम करतो आणि ज्याला यादी आदल्या दिवशी मिळते त्याला चांगला कीबोर्डच पुरेसा आहे. एका गाण्याची मांडणी करायला मला अजूनही पाऊण तास लागतो. पण गायक बदलत असतील, आवाज गाण्याबरहुकूम हवे असतील आणि तयारीला वेळ देता येत असेल तर जरूर घ्या. कंट्रोलर घेताना दिव्यांपेक्षा पट्ट्यांचं वजन बघा, आणि पेडलवर पाय ठेवून तो सुरू करू नका. बरेच कंट्रोलर सुरू होतानाच पेडलची दिशा ठरवतात आणि मग अख्खा कार्यक्रम सस्टेन (सूर लांबवणारा पेडल) उलटा चालतो.

कोजागिरीच्या कार्यक्रमाची यादी परवा हातात आली. २२ गाणी, त्यातली सहा नवीन. काकांनी एक नाट्यपद काळी दोनमध्ये लिहून पाठवलंय, तालमीत बहुधा पांढरी दोनवर येतील. दोन्ही व्हेरिएशन करून ठेवली आहेत.