हेडलाइटच्या नावाखाली साडेसात हजारांचा चुना

सोलापुरात गाडीचे हेडलाइट बदलून घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मग खिशात हात घाला. माझे दुकानात 7,500 गेले, वर दुरुस्तीला 2,940 आणि चलानाचे 500. एकूण 10,940 रुपये. पैसे काय, धंद्यात येतात-जातात. डोकं फिरतं ते या गोष्टीनं, की लुटणारा रोज सकाळी दुकानापुढं पाणी मारून, उदबत्ती लावून आरामात बसतोय आणि अर्ज घेऊन दारोदार फिरतोय मी.

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तोच अब्रुनुकसानीची नोटीस धाडेल, असं वकील मित्र म्हणाला. म्हणजे फसवायचं त्यानं आणि तोंड सांभाळायचं मी!

गाडी वॅगन आर, 2013 ची. माझा टॉवेल-चादरीचा होलसेल धंदा. वैराग, बार्शी, कुर्डुवाडी या बाजूला वसुलीला जावं लागतं आणि परतायला रात्र होतेच. उसाचा सीझन सुरू झाला की त्या रस्त्यांवर काय चालतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस हातभर बाहेर आलेला. माझ्या गाडीचा उजेड पिवळट, मिणमिणता. एकदा वैरागच्या अलीकडं ट्रॉली अगदी बॉनेटपाशी आल्यावर दिसली. बायको शेजारी होती. घरी आल्यावर तिनं हा विषय काही सोडला नाही. हे सगळं अशासाठी सांगतोय, की पोरांसारखे निळे लाइट लावून मिरवायची हौस होती असं कुणी म्हणू नये. गरज होती म्हणून गेलो.

दुकान मोठं, गर्दीचं. काउंटरवर एक काळी पेटी, डावीकडं साधा हॅलोजन (तारेचा जुना बल्ब), उजवीकडं त्याचा एलईडी. बटण दाबलं की डावा तांबूस मरतुकडा पेटायचा आणि उजवा डोळे दिपवायचा. वर दुकानदार लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) हातात देऊन म्हणायचा, "मालक, मी कशाला बोलू? आकडा बोलतोय की." आकडा चौपट दिसत होता. ही पेटी कुठंही दिसली तर लक्षात ठेवा, डाव्या बल्बला मुद्दाम कमी व्होल्टेज दिलेलं असू शकतं. हॅलोजनचं असं आहे, की व्होल्टेज दोन-अडीच व्होल्टनं उतरलं तरी उजेड निम्म्याच्या आसपास येतो आणि रंग नारिंगी होतो. माझ्या गाडीतला बल्बसुद्धा इतका नारिंगी नव्हता.

मग गाडी दुकानाशेजारच्या पांढऱ्या भिंतीला चिकटवून लावली आणि लाइट पाडून दाखवला. चार फुटांवरच्या भिंतीवर मोबाइलची बॅटरीसुद्धा झकास दिसते. बघायचंच असेल तर गाडी पंचवीस फूट मागं घ्यायला लावा आणि लो बीमवर (जवळचा, खाली पडणारा लाइट) उजेडाची वरची कड सरळ, स्वच्छ येते का ते बघा. नुसता पांढरा गोळा दिसला तर तसेच घरी या.

हिशोब असा लावला त्यानं. एलईडीची जोडी, बॉक्सवर एका नामांकित परदेशी कंपनीचं नाव, 4,800. 'हेवी ड्युटी' रिले किट 1,350. डीकोडर (एलईडी आणि गाडीच्या कॉम्प्युटरचं जुळवून देणारी डबी) 900. फिटिंग 450. बरोबर 7,500. माझ्या गाडीला त्या डीकोडरची काही गरजच नव्हती, हे आता माहीत झालंय. बॉक्सवर होलोग्राम होता, क्यूआर कोड होता. स्कॅन केला तर हिरवी खूण आणि 'अस्सल माल' असा संदेश. क्यूआर कोड छापायला अक्कल लागत नाही, आणि तो उघडतो ते पान कंपनीचंच असतं असंही नाही. वर वेबसाइटचा पत्ता काय येतोय तो वाचा, हिरवी खूण बघून खूश होऊ नका.

आता मुख्य गोष्ट. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

रिले कशासाठी, तर बॅटरीचा करंट स्विचमधून न फिरवता सरळ बल्बला द्यायचा म्हणून. ही कल्पना चुकीची नाही. जुन्या गाड्यांना याचा फायदा होतो. त्यानं बॅटरीशेजारी एक काळा ठोकळा स्क्रूनं बसवला आणि मला म्हणाला, "कान द्या." लाइट लावला की ठोकळ्यातून टक् आवाज. बंद केला की पुन्हा टक्. "ऐकलं का मालक? चालू झाला रिले."

त्या ठोकळ्याला खाली चार पिना असतात, नंबर घातलेले असतात: 30, 85, 86, 87. यातल्या 85 आणि 86 नुसत्या आतली कॉइल ओढायच्या, म्हणजे टक् आवाज करायच्या. खरा करंट जातो 30 मधून 87 मध्ये. माझ्या रिलेतून बाहेर आल्या होत्या दोनच वायरी. मी बघितलं. नुसतं बघितलं नाही, विचारलंसुद्धा, "दोनच वायरी?" तो हसला आणि बॉनेट खाली घेत म्हणाला, "आतून जोडलंय मालक, नवी सिस्टिम आहे ही. डोळे झाकून जावा." बॉनेट पूर्ण मिटेपर्यंत त्या दोन वायरी मला दिसत होत्या. एक काळी, एक लाल, वर चापूनचोपून टेप गुंडाळलेली. बॉनेट हातानं धरून "थांब, चार पिनांना दोन वायरी कशा?" एवढं म्हणायला काय लागलं असतं! पण मी टॉवेल विकतो. माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी म्हणालो हा ताणा इतक्या नंबरचा आहे, तर तो धागा उसवून बघत नाही. रिलेच्या पिना मोजत बसायचं गिऱ्हाइकानं, मग दुकानदार कशाला?

बिलाचं म्हणाल तर मागितलं होतं. "पक्कं पाहिजे तर जीएसटी वेगळा लागंल, वॉरंटीला हा कागदच चालतोय," असं म्हणून 'एस्टिमेट' छापलेल्या कागदावर आकडे लिहून दिले. खरं सांगा, गाडीच्या किरकोळ कामाला पक्कं बिल किती जण घेता? 5,000 यूपीआयनं दिले, 2,500 रोख. यूपीआयवर दुकानाऐवजी कुठल्या तरी माणसाचं नाव आलं. "मेव्हण्याचं खातं आहे." आता सांगतो, दुकानाचं नाव एक आणि खात्याचं दुसरं दिसलं की तिथंच बोट थांबवा. निघताना माझे जुने बल्ब मागितले तर "राहू द्या की, कचरा कुठं नेताव" म्हणाला. कचरा नव्हते ते. आदल्या वर्षी घातलेले कंपनीचे 60/55 वॅटचे बल्ब होते. ते त्यानं परत कुणाला तरी विकले असणार, पैज लावतो.

त्याच आठवड्यात बार्शीला निघालो. नान्नजच्या पुढं गेलो तर समोरून येणारी प्रत्येक गाडी मला डिपर मारतेय. मी लो बीमवर! उजेड रस्त्यावर कमी आणि कडेच्या झाडांच्या शेंड्यांवर जास्त. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून मान काढून आईवरून शिवी घातली, आणि त्याचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. हॅलोजनमध्ये लो बीमच्या तारेखाली छोटी पत्र्याची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप जात नाही. रिफ्लेक्टर त्या तारेच्या जागेचा हिशोब धरून घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेवरून जरा हलली की सगळं विस्कटलं. आणखी एक गंमत, लाइट लावला की रेडिओ खरखरायचा. बातम्या ऐकायच्या तर हेडलाइट बंद करा! तेव्हा वाटलं रेडिओ बिघडला. स्वस्तातल्या एलईडीच्या सर्किटमुळं असं होतं.

पुढं ई-चलान आलं, 500 रुपये, समोरच्याचे डोळे दिपवणारे लाइट. मग पहिल्या मोठ्या पावसात उजवा हेडलाइट आतून घामेजला, बल्बचा पंखा बंद पडला आणि उजेड फडफडायला लागला. दुकानात गेलो. त्यानं बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाला, "पाणी गेलंय मालक. पाणी गेलं की वॉरंटी संपली." पाणी गेलं कुठून? बल्बच्या मागचा पंखा मावत नव्हता म्हणून यानंच हेडलाइटच्या मागचं रबरी बूट (पाणी अडवणारं झाकण) ब्लेडनं कापलं होतं! माझ्यासमोर कापलं होतं. तसं म्हणालो तर सुरात म्हणतो, "आमी असं करतच नाही." दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत होती, जणू मीच भांडायला आलोय.

शेवटी पूर्व भागातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी बॉनेट उघडलं, रिले उलटा केला आणि काही न बोलता मला 87 ची पिन दाखवली. कोरी, चकचकीत. तिला कधी वायर लागलीच नव्हती. 30 लाही नाही. मग वायरीला क्लॅम्प मीटर (करंट मोजायचा चिमटा) लावला. बॉक्सवर एका बल्बला 100 वॅट छापलंय, म्हणजे आठेक अँपिअर खेचायला पाहिजे. मीटर 1.6 वर थांबला. "वीस वॅट शेट. टेबललँप," एवढंच बोलले. बल्बचा मूळ कपलर (जोडायची प्लॅस्टिकची टोपी) कापून वायरी पीळ देऊन जोडल्या होत्या, त्या दाखवल्या. बल्बवरचं मोठ्या कंपनीचं स्टिकर नखानं सोललं तर खाली नुसता चिनी अक्षरांचा छाप.

आणि माझा मूळ रोग काय होता ते ऐका. हेडलाइटची काच. काच म्हणजे प्लॅस्टिकच ते, सोलापूरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभी राहून पिवळी धमक झालेली. अण्णांनी पॉलिश करून दिली, 600 रुपये. खरा रिले, कपलर आणि वायरिंग 1,100. साधे कंपनीचे 60/55 चे दोन बल्ब 480. रबरी बूट 360. मजुरी 400. बीमची उंचीही लावून दिली. आता रस्ता कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट दिसतो आणि कुणी डिपर मारत नाही. काच पिवळी असेल तर आतून सूर्य लावलात तरी उपयोग नाही. आणि जास्त वॅटचा, 100/90 चा हॅलोजन घालायचा सल्ला कुणी दिला तर त्याला आधी विचारा, प्लॅस्टिकचा होल्डर वितळल्यावर भरून कोण देणार.

आता सरकारचं. पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार साहेबांनी कागद हातात न घेता विचारलं, "किती?" म्हटलं साडेसात हजार. "एवढ्यासाठी?" मग बिल कुठंय. बिल नाही म्हणूनच तर फसवणूक आहे ना साहेब! म्हणे हा दिवाणी मामला. अर्ज तरी घ्या, पोच द्या, म्हटलं तर शिक्का असलेला माणूस बंदोबस्ताला गेलाय. शिक्का बंदोबस्ताला जातो का? यूपीआयचा पुरावा दाखवला तर म्हणाले, हे पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत, यात सायबर काही नाही.

दुसऱ्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मलाच कायदा वाचून दाखवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल केला तर गाडीमालकाला एका बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. "तक्रार लेखी देताय का?" हे हसून विचारलं. म्हणजे मी लिहून दिलं तर पहिला आरोपी मी! त्याच कलमात निकृष्ट सुटे भाग विकणाऱ्यांसाठीही पोटकलम आहे, ते नाही वाचलं. विकणारा उघड्या बाजारात, बोर्ड लावून, भर दिवसा विकतोय. त्याच्या दुकानापुढं गाड्या डबल पार्क होतात, तिथं पोलीस उभा असतो आणि चलान मात्र रस्त्यावर माझ्या नावानं फाटतं. पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही. हे तपासायला सरकारचा पगारी माणूस असतो. मी तिसऱ्या ठिकाणी पाकीट घेऊन गेलो तर म्हणाले साहेब दौऱ्यावर, पाकीट ठेवून जा. पुरावा ठेवून जा! मी काय वेडा आहे?

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागलाच पाहिजे असं नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. एस्टिमेटच्या कागदाचे, यूपीआयचे आणि कापलेल्या बुटाचे फोटो जोडलेत. तुम्हीही गाडी दुकानात सोडायच्या आधी बॉनेट उघडून वायरिंगचे फोटो काढा, आणि जुने बल्ब खिशात घालूनच बाहेर पडा.

तो रिले अण्णांकडून मागून घेतलाय, वायरींसकट. गेल्या दोनेक वर्षांत शहरात कुणी 'हेवी ड्युटी किट' बसवून घेतलं असेल तर बॉनेट उघडा आणि 30 आणि 87 ला वायर आहे का बघा. नसेल तर फोटो काढून कळवा. एकट्या माझ्या अर्जाला हे लोक विचारत नाहीत, दहा-वीस जणांचे रिले टेबलावर ठेवले तर बघू कुणाचा शिक्का बंदोबस्ताला जातो ते.