ठळक, तिरपा आणि गोल टोकांचा फॉन्ट: नुनिटो की बलू २?

दुकानाची पाटी, फ्लेक्स किंवा क्लबचा टी-शर्ट यांवरील मोठ्या अक्षरांसाठी गोल टोकांचा, ठळक आणि तिरपा फॉन्ट शोधणाऱ्याने नुनिटो आणि बलू २ हे दोन फॉन्ट शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या मोफत वापराच्या परवान्याखाली मिळतात आणि व्यावसायिक कामाला वापरता येतात, त्यामुळे निवड किमतीवर नव्हे, तर मजकुराच्या लिपीवर ठरते.

केवळ रोमन लिपीतला (इंग्रजी) मजकूर असेल तर नुनिटो बोल्ड इटालिक, म्हणजे ठळक-तिरपा, घ्यावा. व्हर्नन अ‍ॅडम्स यांनी सुरू केलेल्या या फॉन्टमध्ये तिरपी अक्षरे स्वतंत्रपणे दिलेली आहेत आणि जाडी २०० पासून १००० पर्यंत (४०० म्हणजे साधी, ७०० म्हणजे ठळक) निवडता येते. मात्र त्यात देवनागरी नाही. वेबपानावर मराठी शब्दाला तो लावला, तर ब्राउझर गुपचूप दुसऱ्याच फॉन्टमधली अक्षरे दाखवतो.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेल्या बलू २ ची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याची देवनागरी गुबगुबीत, भरघोस आणि लांबून वाचता येणारी आहे (याच कुटुंबातल्या गुजराती फॉन्टचे नाव ‘बलू भाई २’ आहे, यावरूनच त्याचा स्वभाव कळावा), परंतु ४०० ते ८०० या जाडींमध्ये तिरपे रूप एकही नाही. सॉफ्टवेअरमधून तो तिरपा करता येतो, पण त्याची किंमत ‘कुल्फी’ हा शब्द लिहून पाहिल्यास दिसते. शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे कलतात. आधाररेषेपासून १० सेंटिमीटर उंचीवर असलेला वेलांटीचा माथा १४ अंशांच्या कलाने सुमारे अडीच सेंटिमीटर उजवीकडे सरकतो, तर ३ सेंटिमीटर खाली असलेला उकार पाऊण सेंटिमीटर डावीकडे जातो. रेषांची गोल टोकेही लंबगोल होतात, म्हणजे ज्या गोलाईसाठी हा फॉन्ट निवडला तीच बिघडते.

इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स हा मधला मार्ग आहे. त्यात देवनागरी आणि इटालिक दोन्ही आहेत. मात्र त्याची गोलाई वळणांत आहे, टोके सपाटच आहेत, त्यामुळे मूळ अपेक्षा अर्धीच पूर्ण होते.

देवनागरीत जोर देण्यासाठी अक्षर तिरपे करण्याची जुनी परंपरा नाही, हेही लक्षात घ्यावे. तिथे हे काम जाडीच करते. म्हणून दोन्ही लिप्यांच्या फलकावर मी मराठी शब्द बलू २ च्या ८०० जाडीत उभे ठेवीन आणि त्याखालची इंग्रजी ओळ नुनिटोच्या बोल्ड इटालिकमध्ये, थोड्या लहान आकारात घेईन. ग्राहकाने मराठीही तिरपीच हवी असा हट्ट धरला, तर कल ७-८ अंशांवर थांबवावा आणि वेलांट्या व उकार हाताने जागेवर आणून मगच फाइल छपाईला द्यावी.